राजाभाऊंच्या हॉलचं कमानी छत

सोलापुरात आमच्या धंद्याला सगळे ‘फॉल सीलिंग’ म्हणतात. मूळ शब्द ‘फॉल्स’, म्हणजे खोटं, हे मला फार उशिरा एका शाळामास्तरांनी सांगितलं. तोवर माझी समजूत अशी होती की कधीतरी पडणार म्हणून फॉल. आता वाटतं, दोन्ही अर्थ बरोबरच आहेत. वर चांगला धडधाकट सिमेंटचा स्लॅब असतो आणि त्याच्याखाली आम्ही पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करून, त्याला जिप्समचे बोर्ड ठोकून, दुसरं छत टांगतो. त्याला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, त्याच्यावर कुणाला पापड वाळत घालता येत नाहीत. ते नुसतं बघण्यासाठी. आणि बघतं कोण? पहिल्यांदा आलेला पाहुणा मान वर करतो, ‘वा!’ म्हणतो, तेवढ्यात चहा येतो आणि त्याची मान खाली जाते ती पुन्हा वर होत नाही. त्याच्या त्या एका ‘वा’साठी मी आयुष्यभर मान वर करून परांचीवर उभा राहिलो. आता डॉक्टर म्हणतात, मानेला पट्टा लावा.

आम्ही विणकरांपैकी. घरात तेलुगू. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते आणि मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान मंद झाले होते. त्यामुळं आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. आई रागावलीय की वाढायला बोलावतेय हे शेजाऱ्यांनाही कळायचं नाही. मागावर बसायचं नाही म्हणून मी पीओपीच्या कामाला लागलो. तिथं इस्माईल भेटला. त्याचे वडील जुने गवंडी, कमानी बांधण्यात नावाजलेले. आम्ही दोघांनी मिळून काम सुरू केलं आणि आमची ओळख झाली ती गोल कामासाठी. सरळ छत आता कुणीही करतो. वाकडं करायचं असलं की लोक म्हणायचे, नागेश-इस्माईलला बोलवा.

वाकडं छत कसं होतं, ते सांगतो. पत्र्याची पट्टी सरळ येते. तिच्या दोन्ही कडांना चार-चार बोटांवर कातरीनं काप द्यायचे, म्हणजे ती पाठीच्या कण्यासारखी वाकते. अशा वाकवलेल्या बरगड्या स्लॅबला टांगायच्या. बोर्डही सरळच येतो. त्यातला पातळ बोर्ड घेऊन त्याची पाठ स्पंजनं ओली करायची, थोडा मुरू द्यायचा आणि मग दोघातिघांनी मिळून हळूहळू बरगड्यांवर दाबत न्यायचा. पाणी जास्त झालं तर कागद सोलून हातात येतो, कमी झालं तर बोर्ड पापडासारखा कडकन मोडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर ओली केलेली पाठ शिडी चढेपर्यंत सुकते. एकावर एक असे दोन थर, मग सांध्यांना पट्टी, मग लेप, मग घासणं. शेवटी बल्ब भिंतीलगत आडवा धरून बघायचं. उजेड आडवा पडला की छताचं सगळं पाप दिसतं, जिथं लाट आहे तिथं सावली पडते. आमच्या कामावर सावली पडत नसे. एवढा अभिमान मी बाळगून आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये.

पण अभिमान कामाचा. काम करून घेणाऱ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे.

मोहोळच्या एका गृहस्थांनी न्हाणीघराएवढ्या देवघरावर घुमट मागितला. दुबईच्या हॉटेलात बघितला होता म्हणे. केला. आत समई लागली, उदबत्त्या लागल्या आणि दिवाळी यायच्या आत घुमट आतून चुलीवरच्या पातेल्यासारखा काळा झाला. ते मला म्हणाले, तुमचा माल हलका. दुसऱ्या एका बाईंनी शयनघराला अशी कमान करून घेतली की पंखा लावला तर शोभा जाते. लावला नाही. वैशाखात बघतो तर पलंगाच्या चारी बाजूंना चार उभे पंखे, आणि मधे नवरा-बायको चादरी सांभाळत झोपलेले. सोलापुरात राहून पंख्याला नको म्हणणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? मी बोर्ड लावतो.

पण ज्या छतानं आम्हाला चोर ठरवायचं बाकी ठेवलं होतं, ते राजाभाऊंचं.

राजाभाऊंचा चिंचोळी एमआयडीसीत प्लास्टिकच्या पायपांचा कारखाना. मूळचे मोडनिंबचे. त्यांचे वडील, तात्या, यांनी हायवेच्या कडेला सायकल दुरुस्तीच्या दुकानात आयुष्य काढलं होतं. पंक्चरं काढून मुलाला शिकवलं, असं राजाभाऊच चारचौघांत सांगत. सांगताना त्यांचा आवाज भरून येई. तात्या मात्र त्या वेळी जवळपास नसत, कारण त्यांना बोलावलेलं नसे.

विजापूर रोडच्या पुढं नव्या प्लॉटिंगमध्ये राजाभाऊंनी बंगला काढला. डिझायनर पुण्याचे. त्यांनी मोबाईलवर इटलीतल्या कुठल्याशा हॉलचा फोटो दाखवला. कमान छताला सुरू होत नव्हती, भिंतीला कमरेएवढ्या उंचीपासूनच वळायला लागत होती आणि वरून जाऊन पलीकडच्या भिंतीत तशीच उतरत होती.

इस्माईलनं फोटो बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “इसकू घर नइ होना रे. बोगदा होना.”

अर्धगोल करायला वर उंची पुरत नव्हती, म्हणून कमान दबलेली करायची ठरली. तिची आखणी सोपी आहे. खाली फरशीच्या कोब्यावर हॉलच्या रुंदीएवढी रेघ मारायची, रेघेवर दोन्ही भिंतींपासून सारखं अंतर सोडून दोन खिळे मारायचे, खिळ्यांना सैल दोरी बांधायची, आणि दोरीत खडू अडकवून ती ताणत फिरवायचा. अंड्याचा आडवा अर्धा भाग उमटतो. इस्माईलच्या वडिलांची ही रीत. त्या आखणीवर बरगड्या वाकवून घेतल्या आणि आम्ही ते छत केलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. बल्ब लावून बघितला तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उजेड लोण्यासारखा उतरत होता.

फक्त घरात भिंत उरली नाही. कपाट टेकवायला जागा नाही, खिळा मारायला जागा नाही. सोफे सगळे आत सरकवून ठेवावे लागले. तात्या एकदा काम बघायला आले, काठी टेकत सगळीकडं फिरले आणि मला विचारलं, “मिस्त्री, लई झ्याक झालंय. पण आमच्या हिचा फोटू कुटं लावायचा?”

राजाभाऊ म्हणाले, “तात्या, आईचा फोटो वरच्या खोलीत लावू. इथं डिझाईन आहे.”

वास्तुशांतीला गेलो तेव्हा बघितलं, हॉलच्या एका बाजूला तात्यांनी आपली लाकडी आरामखुर्ची आणून ठेवली होती. शेजारी छोटं स्टूल, स्टुलावर बायकोचा फोटो. डिझायनर साहेबांनी हॉलचे फोटो काढताना खुर्ची आणि स्टूल दोन्ही बाजूला करायला लावलं. फोटो काढून होईपर्यंत तात्या उभे होते. मग त्यांनी स्वतःच दोन्ही पुन्हा जागेवर आणलं.

काही महिने गेले. एका सकाळी राजाभाऊंचा फोन. “मिस्त्री, असाल तसे या. इस्माईललाही आणा.”

वाटलं, छत उतरलं. धावत गेलो. राजाभाऊ फाटकातच उभे. आत न घेता त्यांनी आम्हाला गाडीमागं नेलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “छतात काय बसवलंय?”

“बोर्ड,” मी म्हणालो.

“चेष्टा नको. माईक कुठाय? कुणी सांगितलं बसवायला? आमच्या दाजींनी? बहिणीच्या वाटणीसाठी?”

मला आधी काही कळेना. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या बायकोनं, वैशालीताईंनी, जेवणाच्या टेबलाशी नुसतं हळूच म्हटलं होतं, म्हाताऱ्यासाठी सगळ्यांनी अळणी खायचं का. दुसऱ्या दिवशी तात्यांनी ठेचा मागून घेतला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. मग एकदा बँकेचे साहेब जेवायला यायचे होते. नवरा-बायकोनं टेबलाशीच ठरवलं की तात्यांना वरच्या खोलीत ताट द्यायचं. साहेब आले तेव्हा तात्या धुतलेलं धोतर आणि लग्नातला कोट घालून जिना उतरले, साहेबांच्या शेजारी बसले आणि त्यांना ट्यूबमधलं भोक पाण्यात कसं शोधायचं ते समजावून सांगितलं.

“साहेब खूश झाले, ती गोष्ट वेगळी,” राजाभाऊ म्हणाले. “पण तात्यांना कळलं कसं? ते तिकडं खुर्चीत, आम्ही इकडं टेबलाशी. वयानं कानही मंद. आणि परवा तर घरातलं एक महत्त्वाचं बोलणं होतं, तेही फुटलं. मिस्त्री, माईक निघाला नाही तर मी पोलिसात जाईन. एमआयडीसीत एकालाही तुम्हाला दारात उभं करू देणार नाही.”

आमचा धंदा लोकांच्या घरात शिरून चालतो. शयनघरात, देवघरात, माळ्यावर, सगळीकडं आम्ही जातो आणि बाया-माणसं आमच्यासमोर निर्धास्त वावरतात. हा माणूस माईक बसवतो, असं एकानं म्हटलं की संपलं. मग लाट नाही आणि सावली नाही, हे कुणाला सांगत बसायचं? इस्माईल पांढराफटक झाला होता. आपल्या गावात असल्या आरोपात आधी कुणाचं नाव घेतलं जातं, ते त्याला माहीत होतं आणि मलाही.

“सगळं उघडून दाखवतो,” मी म्हणालो.

शिड्या लावल्या. एकेक दिवा खाली काढला, भोकातून बॅटरी मारून आत बघितलं, राजाभाऊंनाही शिडीवर चढवून दाखवलं. वायरी, धूळ आणि एक वाळलेली पाल. दुसरं काही नाही. राजाभाऊंचं समाधान होईना. “अजून बघा,” म्हणाले, आणि कारखान्याचा फोन आला म्हणून बाहेर अंगणात गेले.

इस्माईल जेवणाच्या टेबलाशी शिडी मिटवत होता. मी हॉलच्या दुसऱ्या बाजूला तात्यांच्या खुर्चीजवळ वाकून स्क्रू वेचत होतो. तात्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले. आणि एकदम माझ्या कानाशी आवाज आला, “खुद कू चोरी की आदत, तो सब चोर दिखते इसकू.”

मी दचकून मागं बघितलं. मागं कुणी नाही. इस्माईल पार पलीकडं, माझ्याकडं पाठ करून उभा.

तात्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर हसू. “आलं न्हवं ऐकू?” ते म्हणाले. “मला बी पयल्यांदा असंच झालं. वाटलं, ही फोटूतनं बोलली.”

मी खुर्चीकडं बघितलं, पलीकडच्या टेबलाकडं बघितलं, वर बघितलं. कोब्यावर आम्ही जिथं खिळे मारले होते, खुर्ची आणि टेबल बरोबर त्याच दोन जागांवर होती. एका खिळ्यापाशी बोललेलं वर कमानीला लागून सगळं दुसऱ्या खिळ्यापाशी गोळा होत होतं. ती आखणी मी आयुष्यभर केली होती, पण तिचा हा गुण मला माहीत नव्हता. इतक्या खालपर्यंत उतरणारी कमान आमच्याकडून तोवर कुणी मागितलीच नव्हती.

मी तात्यांजवळ बसलो. “तात्या, ते महत्त्वाचं बोलणं काय होतं?”

“मोडनिंबचं घर आन दुकान इकायचं म्हणत हुते. आदार कार्डाचं काम हाय म्हणून सांगून माजी सही घ्यायची.” ते शांतपणे म्हणाले. “मी सही न्हाय केली. म्हणलं, माजं आदार झालंय की.”

मी वेचलेले स्क्रू खिशात टाकले.

“तू सांगू नगंस त्याला,” तात्या म्हणाले. “मला हितं कोन काय सांगत न्हाय. जेवायला बसा, औशद घ्या, वर जा, एवडंच. या छतामुळं तरी घरात काय चाललंय ते कळतंय.”

“तात्या, नाही सांगितलं तर ते आम्हाला पोलिसात देतील. इस्माईलला आधी.”

तात्यांनी इस्माईलकडं बघितलं. तो शिडीला धरून उभा होता. मग त्यांनी फोटोवरची धूळ हातानं पुसली आणि म्हणाले, “व्हय, ते बी खरंच. मग मीच सांगतो. बोलीव त्याला.”

राजाभाऊ आत आले. तात्या खुर्चीतून उठले. “राजा, बस हितं.”

“तात्या, मला वेळ नाही.”

“बस म्हणतो न्हवं!”

एवढा मोठा आवाज त्या हॉलात बहुधा पहिल्यांदाच झाला असेल. राजाभाऊ मुकाट्यानं खुर्चीत बसले. तात्या काठी टेकत हॉल ओलांडून गेले, टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत, ओठ हलवू लागले. मी मधोमध उभा होतो. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण राजाभाऊंचा चेहरा मला दिसत होता. आधी ते इकडंतिकडं बघायला लागले, मग वर, मग त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

इस्माईल तात्यांच्या मागंच उभा होता. तात्या काय म्हणाले ते त्यानं मला परतताना सांगितलं. “राजा, माईक-बिईक कायबी न्हाय. मला हितनं समदं ऐकू येतं. सही मी करत न्हाय. मोडनिंबचं घर इकत न्हाय. आन हितनं बी कुटं जात न्हाय. त्या दोगास्नी चोर म्हणलास, त्यांची माफी माग.”

स्वैपाकघरातून वैशालीताई आल्या. “काय झालं?”

“काही नाही,” राजाभाऊ म्हणाले. मग उठून माझ्यासमोर आले, पण नजर माझ्या चपलांवर. “मिस्त्री, गैरसमज झाला.” इस्माईलकडं त्यांनी बघितलंही नाही. याला ते माफी समजत असावेत. “हे छत काढून टाका. सपाट करा. पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात गेलो, तर म्हणाले, थांबा, डिझायनर साहेब कुणालातरी हॉल दाखवायला आणणार आहेत. त्यानंतर एमआयडीसीतले मित्र सहकुटुंब बघायला येणार होते. त्यानंतर मुलीला बघायला पाहुणे. छत काढायचा दिवस काही उजाडेना. मधे त्यांनी गालिचा टाकून बघितला, टेबल सरकवून बघितलं. पण टेबल सरकवलं तर झुंबर टेबलाच्या मधोमध येत नव्हतं, म्हणून पुन्हा जागेवर आलं. तात्यांची खुर्ची हलवायचं मात्र कुणाचं धाडस झालं नाही. घरात बाप सगळं ऐकतो, हे त्या माणसाला चाललं. पाहुण्यांचं ‘वा’ बुडणं चाललं नाही. इस्माईल त्या घरी पुन्हा आला नाही. “मेरा सलाम बोल बुढ्ढे कू,” एवढंच म्हणाला. मी त्याला आग्रह केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यानंतर छताच्या एका सांध्याला बारीक भेग पडली म्हणून मला बोलावलं. मी एकटाच गेलो. पोर्चमध्ये गाडी उभी, इंजिन चालू, काचा वर. आत राजाभाऊ आणि वैशालीताई. वाटलं, बाहेर निघालेत, म्हणून बाजूला थांबलो. गाडी हलेना. आत दोघांचे हातवारे चालले होते. वैशालीताई बोटावर काहीतरी मोजून सांगत होत्या, राजाभाऊ मान हलवत होते. मग कळलं, ते कुठंच निघालेले नव्हते. ते बोलत होते. एवढा मोठा बंगला बांधला आणि नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला गाडीत येऊन बसावं लागत होतं.

आत हॉलात तात्या एकटेच. जरा वाळलेले दिसले. मी शिडी लावली, भेग खरवडली, पट्टी चिकटवली, लेप दिला. खाली उतरलो तेव्हा ते म्हणाले, “मिस्त्री, आता कायबी ऐकू येत न्हाय बग.”

“छत तसंच आहे, तात्या.”

“छत हाय की. पण हितं आता कोन बोलतच न्हाय. समदी भायेर जाऊन बोलत्यात.” त्यांनी काठीनं पलीकडचं टेबल दाखवलं. “तेवडं तितं जा. आन बोल कायतरी.”

मी गेलो. टेबलाशी खुर्ची ओढून बसलो. ज्या धंद्यात आयुष्य गेलं त्याचं एवढं देखणं काम डोक्यावर होतं आणि मला काय बोलावं ते सुचेना. शेवटी हळूच म्हटलं, “तात्या, चहा झाला का?”

पलीकडं, एवढ्या लांब, त्यांचे ओठ नुसते हलले आणि माझ्या कानाशी आवाज आला.

“झाला की. आनखी बोल.”